ना हाक, ना बोंब

जुलैची रात्र. केनाक बेटाच्या मागे नांगरलेला तराफा,
लाकडी केबिन, चुलीत ओलं सरपण,
आणि मी, एर्मेलिंदा, लॅपटॉपपुढे,
बोटं काखेत घालून.

बाहेर नऊ जाळ्या, आत सामन मासे.
प्रत्येक जाळीत एक सेन्सर, पाण्यातला प्राणवायू मोजतो
आणि दर सेकंदाला सांगतो एका गटाच्या पत्त्यावर.
दोनशे एकोणचाळीसपासून सुरू होणारा पत्ता,
जिथे कुणाचंच घर नाही.
ही दवंडी नव्हे, चिठ्ठीही नव्हे.
ज्यानं नाव नोंदवलं, त्यालाच ऐकू येतं.

सोमवारी सॉकेट म्हणालं: असं उपकरणच नाही.
मांडीवरच्या धडधाकट लॅपटॉपला म्हणालं!
त्याला दारं दोन, एक वायफायचं, एक केबलचं,
आणि कुठल्या दारात उभं राहून ऐकायचं
ते मीच सांगितलं नव्हतं.

मंगळवारी: पत्ता आधीच वापरात आहे.
वापरत कोण होतं? माझाच कालचा प्रोग्राम,
बंद केला असं वाटलेला,
पोर्ट अडवून बसलेला, एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसा
(हे माझ्या पुण्याच्या सहकारिणीनं शिकवलं, मला एसटी म्हणजे काय ते ठाऊक नाही).
त्याला मारला. शेजारी बसू द्यायची एक ओळ लिहिली,
बांधणीच्या आधी. नंतर लिहिली होती,
त्यात अर्धा दिवस गेला.

मग बुधवार.
एकही चूक नाही.
आकडे आले, धो धो आले, मी टाळी वाजवली,
आणि चार मिनिटं वीस सेकंदांनी
ना हाक, ना बोंब.
पुन्हा सुरू केलं. चार मिनिटं वीस सेकंद.
पुन्हा.
पुएर्तो मोन्तहून क्रेट्श फोनवर म्हणाला, केबल बदल.
बदलली. म्हणाला, भिंत पाड, फायरवॉल. पाडली.
चार वीस.
घड्याळाकडे बघायची भीती वाटायला लागली,
तेवढ्या वेळात बटाट्याचा मिल्काओ तव्यावर
एका बाजूनं नीट भाजून होतो.

नऊ वाजता बाउदिलिओनं रेडिओ उचलला.
रात्रीचा राखणदार, एकोणसत्तर वर्षांचा,
खाडीतल्या सगळ्या तराफ्यांना हाक मारतो, नऊला आणि बाराला.
कुणी सांगितलेलं नाही. पगारात धरत नाहीत.
एक? हजर.
दोन? हजर, चहा आहे का रे तिकडे?
सहा? हजर.
सात?
खरखर.
सातवा मार्चमध्येच ओढून नेला, दोर यानंच सोडला होता.
तेवढंच थांबून: आठ?

माझा हात की-बोर्डावर तसाच राहिला.

स्विचकडे वही असते. कोण ऐकतंय त्यांची नावं.
कुणी पुन्हा नाव सांगितलं नाही तर तो खोडतो,
आणि विचारल्याशिवाय कुणी पुन्हा सांगत नाही.
विचारायचं काम जुन्या राउटरचं होतं,
जो क्रेट्शनं एप्रिलमध्ये काढून नेला,
कारण तो काही करताना दिसत नव्हता.

स्विचमध्ये एक खूण करायची होती. एक चौकोन.
आता दर सव्वाशे सेकंदांनी तोच विचारतो:
अजून कोण ऐकतंय?
चार वीस झाले. पाच. अकरा.
मिल्काओ जळला, जळू दे.

बाउदिलिओला सांगितलं. मातेचा घोट ओढत म्हणाला,
आणि जो उत्तर देत नाही त्याचं?
दोनदा वाट बघतो, म्हटलं, मग खोडतो.
त्यानं भांड्यात पाहिलं.
फार घाई आहे तुझ्या यंत्राला.

बाराच्या सुमारास चौथ्या जाळीत प्राणवायू
पाच पूर्णांक सहा दाखवायला लागला, खरंच घसरत होता,
म्हणून मी पंप लावायला बाहेर गेले,
टॉर्च दातांत धरून.
मागे दार उघडंच राहिलं होतं.
सहा? हजर.
सात?